कोरोनानंतर पाड्यावर गेलं की दारं बंद होतात, विश्वास परत कसा आणायचा?

सुरगाण्याकडच्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नवीन रुजू झालेल्या डॉक्टरांनी विचारलंय, दोन पाड्यांवर लसीकरणाला गेलं की लोक दारं लावून घेतात, "करोनात सुई टोचली तेव्हा माणसं गेली" असं म्हणतात, लहान पोरांचे नेहमीचे डोसपण राहिलेत, वरून रिपोर्टिंगचा तगादा, जनजागृती करून झाली, आता पोलीस पाटलांना सोबत घेऊन जाऊ का, आणि एकूणच लोकांचा दवाखान्यावरचा उडालेला विश्वास परत आणायचा कसा.

डॉक्टर, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी नाशिक जिल्ह्यात २६ वर्षं सरकारी नोकरी केली, आधी पेठ आणि दिंडोरीकडच्या पीएचसीला एमओ (वैद्यकीय अधिकारी) म्हणून, नंतर टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) म्हणून, कोविडच्या दोन्ही लाटा खुर्चीवर असताना अंगावर घेतल्या आणि आता रिटायर होऊन इंदिरानगरला घरी बसलोय, त्यामुळे थोडं मोकळेपणाने लिहिता येतं. नोकरीत असतो तर यातलं अर्धं लिहिलं नसतं हेही आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, "लोकांचा विश्वास उडालाय" हे वाक्य मीटिंगमध्ये बोलायला बरं आहे पण कामाला काही उपयोगाचं नाही. रजिस्टर काढा आणि ज्या ज्या नावापुढे 'नकार' लिहिलंय ते एकेक नाव आशाताईला शेजारी बसवून तपासा. मी एकदा असं केलं तेव्हा निम्म्याहून जास्त 'नकार' हे मुळात नकार नव्हतेच, ती कुटुंबं गंगथडीला जगायला गेलेली होती. दिवाळी झाली की तुमच्या भागातली माणसं निफाड-दिंडोरीला द्राक्षबागेत जातात ती पार उन्हाळ्यापर्यंत, पोरंही सोबत, आणि आपली सिस्टर पाड्यावर जाऊन कुलूप बघून येते आणि रकान्यात काहीतरी भरायचं म्हणून नकार भरते. ह्यांच्यासाठी जनजागृतीची गरज नाहीये, ह्यांच्यासाठी निफाडच्या पीएचसीला फोन करायची गरज आहे. उरलेल्यात काही असे असतात की तोंडावर हो म्हणतात आणि येत नाहीत, त्यांना बहुतेक मजुरी बुडवायची नसते. मग जे खरे नाही म्हणणारे आहेत ते मोजके उरतात, आणि त्या मोजक्यांकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं, ते ऐकायला आपण अजून गेलेलो नसतो.

त्यांच्या डोक्यात काय आहे ते मी तुम्हाला सांगतो कारण मी ते दोनतीन वर्षं ऐकलंय.

२०२० मध्ये आपण पीपीई किट घालून गेलो, आमचे डोळे सोडून त्यांना काही दिसत नव्हतं, ॲम्ब्युलन्स आली, म्हातारा उचलला, घराला पत्रे ठोकले. स्वॅब घेतला त्याचा रिपोर्ट पाचसहा दिवस आलाच नाही आणि काहींचा तर कधीच नाही. म्हातारा गेला तर प्लास्टिकमध्ये बांधलेला, तोंड बघायला मिळालं नाही, काहींना राखही दुसऱ्याच कोणीतरी आणून दिली. रामकुंडावर अस्थी सोडायला पण धड जाता आलं नाही. ज्या कायद्याखाली हे सगळं केलं तो साथरोग कायदा १८९७ चा, पुण्याच्या प्लेगच्या वेळचा, सोल्जर घरात घुसून माणसं शोधायचे आणि त्यातूनच पुढे रँडचा खून झाला तो काळ. माझी आजी प्लेगच्या ऐकीव गोष्टी सांगायची, गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहिल्याच्या, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीत उंदरापेक्षा सरकारी माणसाची भीती जास्त असायची. सव्वाशे वर्षांनी आपण जास्त सभ्यपणे वागलो हे खरं, पण घरच्यांना काही सांगायचं नाही ही सवय तशीच राहिली.

मग सूचना बदलत गेल्या. आधी मास्क फक्त आजाऱ्याला, मग सगळ्यांना. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन द्या, मग नको. प्लाझ्मासाठी लोक दारोदार फिरले आणि मे २०२१ मध्ये तो उपचारांच्या यादीतूनच काढला. रेमडेसिविरसाठी तर नाशकात मेडिकलबाहेर रात्रभर रांगा होत्या, लोकांनी दागिने मोडून ब्लॅकने घेतलं, आणि डब्ल्यूएचओने त्याची शिफारस नको असं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगून झालं होतं. कोविशील्डचा दुसरा डोस आधी २८ दिवसांनी, मग मार्च २०२१ मध्ये ६ ते ८ आठवडे, मग मे मध्ये १२ ते १६ आठवडे. यातले बरेच बदल शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होते, नवीन माहिती आली की सल्ला बदलणारच, पण आपण कधीही "काल आम्ही असं सांगितलं होतं, आज असं सांगतोय, कारण हे" असं तीन वाक्यांत सांगितलं नाही, फक्त नवीन परिपत्रक चिकटवलं. आणि नेमकं तेव्हाच लसींचा तुटवडा होता, त्यामुळे लोकांनी अंतर वाढण्याचा अर्थ काय लावला ते वेगळं सांगायला नको.

शहरातल्या लोकांचा राग वेगळा, तो बिलाचा. राज्य सरकारने मे २०२० मध्ये खासगी हॉस्पिटलचे दर बांधले होते, साध्या वॉर्डला दिवसाला ४०००, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटरसकट ९०००, पण पीपीई किट आणि काही औषधं त्याच्या बाहेर होती आणि सगळा खेळ त्या बाहेरच्या खात्यात झाला. आरटीपीसीआर टेस्ट ४५०० पासून उतरत उतरत मार्च २०२१ च्या शेवटी ५०० वर आली, तेव्हा लोक विचारायला लागले की मग आधीचे चार हजार कुणाच्या खिशात गेले, आणि हा प्रश्न मला काही गैर वाटत नाही. त्याच मार्चच्या शेवटी आपल्या नाशकात बाजारात शिरायला तासाला ५ रुपयांचं तिकीट काढलं होतं आठवतंय का, गर्दी कमी करायला. हेतू चांगला असेल, पण मेनरोडवरचा भाजीवाला अजून ते हसून सांगतो, पाच रुपयात करोना होत नाही म्हणून.

आणि आकडे. डब्ल्यूएचओने मे २०२२ मध्ये भारतात २०२०-२१ या दोन वर्षांत साधारण ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, सरकारी आकडा ४.८ लाखांच्या आसपास, सरकारने त्यांची पद्धतच चुकीची आहे म्हटलं. तो वाद मोठ्या लोकांचा. पण खाली गावात काय झालं, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर ५० हजारांची मदत द्यायचं ठरलं तेव्हा महाराष्ट्रात अधिकृत मृत्यूंपेक्षा जास्त अर्ज आले. म्हणजे ज्या घरातलं माणूस गेलं त्यांना माहीत होतं कशाने गेलं, आणि आपल्या कागदावर ते नव्हतं. अशा घरात जाऊन तुम्ही "शास्त्रीय माहितीवर विश्वास ठेवा" म्हणणार, तर ते ऐकतील का?

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, फार अभिमानाची नाही. दुसऱ्या लाटेत एका वाडीवरच्या बाईच्या नवऱ्याला आम्ही शहरातल्या एका रुग्णालयात पाठवलं, तिथून दुसरीकडे हलवलं, तिथे तो गेला. तिला तीन दिवसांनी कळलं. नंतर वर्षभर ती वाडी आम्हाला पाणीसुद्धा विचारेना, लसीकरणाच्या दिवशी सगळे रानात. मी तिथे दोन रॅल्या काढल्या, एक कीर्तन ठेवलं, बॅनर लावलं, काही फरक नाही. शेवटी आमच्या एका जुन्या सिस्टरने मला सुनावलं, "सर, तुम्ही वाडीवर सगळं घेऊन गेलात, त्या बाईच्या घरी एकदा तरी गेलात का?" मी गेलो नव्हतो. मग दोन्ही रुग्णालयांतून केसपेपरच्या झेरॉक्स काढायला मला दीड महिना लागला, मी टीएचओ असून, ह्यावरून त्या बाईला किती वेळ लागला असता ते बघा. ते कागद घेऊन गेलो, ओट्यावर बसलो, तारखेप्रमाणे वाचून दाखवलं, किती वाजता नेला, ऑक्सिजन किती होता, कोणतं औषध दिलं, शेवटी काय झालं. मध्ये एक आठ तासांची नोंदच नव्हती. मी म्हटलं, या आठ तासांत काय झालं ते मला सापडलं नाही, आणि तुम्हाला फोन करायला पाहिजे होता तो आमच्याकडून झाला नाही, चुकलं. ती रडली, तिच्या दिराने मला चार शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या. चमत्कार वगैरे काही झाला नाही, पुढच्या महिन्याच्या लसीकरणाच्या सेशनला त्या वाडीवरून दोन बायका आल्या, त्याच्या पुढच्या महिन्याला सात.

मला या सगळ्यातून कळलेली गोष्ट एवढीच की आपण कोरोनात प्रत्येक दाराशी दहादा गेलो, सप्टेंबर २०२० च्या "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" पासून ते लसीच्या हर घर दस्तकपर्यंत, पण प्रत्येक वेळी काहीतरी घ्यायला गेलो, माहिती, स्वॅब, सही, माणूस. परत काही द्यायला गेलो नाही. रिपोर्ट द्यायला, काय झालं ते सांगायला, ताप उतरला का विचारायला. ज्या पीएचसीचा माणूस परत जातो तिथला विश्वास मी परत आलेला बघितलाय, बाकी कुठे नाही.

आणि दुसरं, दाखवणं. हे मला कोरोनाच्या खूप आधी पेठला असताना साप चावलेल्या केसेसनी शिकवलं. तुम्ही सुरगाण्यात आहात म्हणजे आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत तुमच्याकडे सर्पदंश येणारच, भाताच्या बांधावर, पडवीत झोपलेले. आणि येण्याआधी ते भगताकडे जाऊन येणार, त्यावर चिडू नका. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर आपण २० मिनिटांची टेस्ट करतो, काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, न हलवता ठेवायचं, २० मिनिटांनी तिरपी करून बघायची, गोठलं की नाही. मी ती नळी आत टेबलावर ठेवायच्या ऐवजी नातेवाइकांच्या समोर ठेवायचो, त्यांच्यातल्याच एकाला घड्याळ बघायला लावायचो. २० मिनिटांनी नळी तिरपी केली की पाण्यासारखं रक्त वाहताना त्यांना स्वतःला दिसायचं. मग "विष आहे, अँटीवेनमच्या (विषावरच्या औषधाच्या) १० व्हायल लावतोय, तरी नाशिकला पाठवावं लागू शकतं" हे मला समजावून सांगावं लागायचं नाही. आणि गोठलं आणि बाकी काही लक्षणं नसली तर "अँटीवेनम आत्ता लागत नाही, पण २४ तास इथेच ठेवतो, परत टेस्ट करत राहतो" हेही पटायचं, नाहीतर एरवी सापावरची लस न देता बसवून ठेवलं म्हणून भांडण ठरलेलं. तिथला भगत नंतर नंतर स्वतःच माणसं पाठवायला लागला, मंत्र मारून पाठवायचा पण लगेच पाठवायचा. मला तेवढं पुरेसं होतं.

ही नळी समोर ठेवायची पद्धत सगळीकडे लावता येते. औषधं कोणती शिल्लक आहेत ते बाहेर फळ्यावर खडूने लिहा, रोज सकाळी, "रेबीज लस : आहे, अमुक गोळी : संपली, गुरुवारी येणार" असं. संपली हे लिहायची आपल्याला लाज वाटते, पण लोकांना औषध नाही याचा राग कमी येतो आणि १२ किलोमीटर चालून आल्यावर कळलं याचा जास्त येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत झाले, चांगला निर्णय, पण मोफतचा बोर्ड लावून खाली "हे बाहेरून आणा" अशी चिठ्ठी दिली की तो बोर्ड उलटा काम करतो. बोर्ड नसता तर निदान खोटं तरी ठरलो नसतो.

आता लसीचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. एप्रिल २०२४ च्या शेवटी बातमी आली की ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या कोर्टात लिहून दिलं की त्यांच्या लसीमुळे अगदी क्वचित रक्ताच्या गुठळ्यांचा एक प्रकार होऊ शकतो, आणि कोविशील्ड म्हणजे तीच लस. त्या आठवड्यात मला शंभरेक फोन आले असतील, त्यात दोन डॉक्टरांचे होते. सगळ्यांचा सूर एकच, आमच्यापासून लपवलं. गंमत म्हणजे लपवलं नव्हतं. केंद्राने १७ मे २०२१ लाच जाहीर केलं होतं की ४९८ गंभीर केसेस तपासल्या, त्यात २६ गुठळ्यांच्या असाव्यात, म्हणजे १० लाख डोसमागे ०.६१. पण ते दिल्लीच्या पत्रकात राहिलं, सुरगाण्याच्या सेशनला त्या काळात आपण काय म्हणत होतो, "काही होत नाही हो, बिनधास्त घ्या." तेवढंच एक वाक्य आपल्याला महागात पडलं. कारण काही ना काही होतच होतं, ताप यायचा, अंग मोडून यायचं, दोन दिवस मजुरी बुडायची, आणि चुकून त्याच आठवड्यात घरातलं म्हातारं माणूस हार्टअटॅकने गेलं की सगळं लसीच्या खात्यावर.

म्हणून "काही होत नाही" हे वाक्य तुमच्या पीएचसीत बंद करा, अगदी साध्या पेंटाच्या (बाळांच्या पाच रोगांवरच्या लसीच्या) इंजेक्शनलासुद्धा. आईला सांगा, आज रात्री ताप येईल, मांडी थोडी सुजेल, पोर रडेल, हे औषध इतकं द्या, चोळू नका, दोन दिवसांत उतरेल, नाही उतरला किंवा पोर मलूल वाटलं तर या नंबरवर रात्री दोनला पण फोन करा. आणि दुसऱ्या दिवशी आशाताई त्या घरी जायलाच पाहिजे. आधी सांगितलेला ताप आला की आई म्हणते डॉक्टर बोलला तसं झालं, न सांगितलेला आला की म्हणते डॉक्टर खोटं बोलला. आणि समजा खरंच काही गंभीर झालं तर पहिल्या तासात तुम्ही स्वतः त्या घरी, गाडीत बसून रेफरला पण सोबत, आणि नंतर चौकशीत काय निघालं ते परत जाऊन सांगायचं, निघालं नसेल तर तेही. लसीनंतरच्या त्रासाच्या केसचा फॉर्म भरायला आपले लोक घाबरतात, वरून विचारणा होईल म्हणून. घाबरू नका, भरा. फॉर्म दाबलेला कळतोच, गावात काय दबतंय.

हे का महत्त्वाचं ते आकड्यात बघा, २०२१ मध्ये जगभरात अडीच कोटी पोरांचे नेहमीचे डोस राहिले होते असं डब्ल्यूएचओ-युनिसेफ म्हणतात, ३० वर्षांतली सगळ्यात मोठी घसरण, आणि लगेच २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी आणि आपल्या मालेगावात गोवर आलाच.

मालेगावचं निघालंच आहे तर सांगतो, कारण तिथून शिकण्यासारखं खूप आहे आणि लोक फक्त नावं ठेवतात. एप्रिल-मे २०२० मध्ये मालेगाव म्हणजे राज्यातला सगळ्यात वाईट हॉटस्पॉट म्हणून टीव्हीवर. एनआरसीचं (नागरिकत्व नोंदणीचं) वातावरण ताजं होतं, त्यात कोणी कागद घेऊन दारात येऊन घरात किती माणसं विचारतो म्हटल्यावर लोक कशाला सांगतील. यंत्रमाग बंद, हातावरचं पोट. मग हळूहळू तिथल्याच गल्लीतल्या डॉक्टरांनी, युनानीवाल्यांनी, मौलानांनी, नगरसेवकांनी मधे पडून लोकांना दवाखान्यापर्यंत आणलं. मन्सुरा काढ्याचं नाव तर नाशिकपर्यंत पोचलं होतं. आता त्या काढ्याने करोना बरा होतो का, माझं उत्तर नाही, तसा पुरावा नाही. पण तो काढा जो माणूस वाटत होता त्याला लोक ओळखत होते, तो आजाऱ्याच्या दारात किट न घालता उभा राहत होता, आणि "दम लागला तर मला सांग, मी स्वतः नेतो" म्हणत होता. आपल्याकडे औषध बरं होतं, त्याच्याकडे ओळख होती. शहाण्या अधिकाऱ्यांनी त्याच्याशी भांडण न करता त्यालाच पल्स ऑक्सिमीटर हातात दिला. तुमच्याकडे मौलाना नसतील, भगत असेल, बचत गटाची अध्यक्ष असेल, आश्रमशाळेतला सर असेल. पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशातही हेच करावं लागलं होतं, गल्लीतली ओळखीची बाई सोबत घेतली तेव्हा दारं उघडली, आणि जानेवारी २०११ नंतर देशात मूळच्या (वाइल्ड) पोलिओची केस नाही.

आशाताईबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. विश्वास म्हणून जे काही आपण म्हणतो ते गावात आपलं नसतंच, तिचं असतं, आपण ते वापरतो. ती त्या गावची सून, तिला तिथेच राहायचंय. कोरोनात आपण तिच्या तोंडून बोललो, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं, आणि लोकांचं ऐकून घ्यायला तीच. त्यासाठी तिला केंद्राचे महिन्याला १००० रुपये जादा, तेही वेळेवर नाहीत, जून २०२१ मध्ये राज्यभर त्यांना संप करावा लागला, नंतर २०२३ च्या ऑक्टोबरात परत. लोक हे बघतात बरं का. स्वतःच्याच बाईचे पैसे थकवणारं खातं आपल्या पोराची काय काळजी घेणार असा साधा हिशोब. तुमच्या हातात तिचं मानधन नाही, पण तिचे क्लेम दर महिन्याला वेळेत सही करून पाठवणं तुमच्या हातात आहे, तिला गावकऱ्यांसमोर न झापणं तुमच्या हातात आहे, आणि तिला "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगते" म्हणायची मुभा देणं तर नक्कीच आहे. फक्त तिने विचारलं की त्याच दिवशी उत्तर द्या. व्हॉट्सॲपवर लांब पीडीएफ नको, तुमच्या आवाजात एक मिनिटाची व्हॉइस नोट, जमल्यास सिस्टरकडून कोकणीत, तुमच्या भागातली कोकणा लोकांची कोकणी हां, गोव्याची नाही.

नाशिक शहरवाल्यांसाठी एक गोष्ट. २१ एप्रिल २०२१, महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ पेशंट गेले. रामनवमी होती. माझ्या ओळखीत एक कुटुंब आहे त्यातलं, नाव नको. ते मला म्हणाले, नुकसानभरपाई मिळाली, चौकशी समिती बसली, पण आता तिथे काय वेगळं आहे ते आम्हाला कोणी दाखवलं नाही. दाखवा ना मग. जिथे जिथे ऑक्सिजन प्लांट आहेत तिथे मॉक ड्रिल होतं, ते फोटोसाठी आपसात करण्याऐवजी त्या भागातल्या लोकांना बोलवा, दाब कमी झाल्यावर अलार्म वाजतो तो ऐकवा, बॅकअपचे सिलिंडर किती वेळात लागतात ते घड्याळ लावून दाखवा. परत नळीचीच गोष्ट. २०२७ ला सिंहस्थ आहे, गोदेच्या पाण्यापासून गर्दीतल्या साथीपर्यंत कितीतरी गोष्टी लोकांना सांगाव्या लागणार आहेत, तेव्हा ऐकून घ्यायला माणसं हवी असतील तर ही कामं आत्ताची आहेत.

काय करू नका ते पटकन. सेलिब्रिटी, सेल्फी पॉइंट, रांगोळी स्पर्धा, "अफवांवर विश्वास ठेवू नका" चं फ्लेक्स, हे सगळं बजेट संपवायला ठीक आहे. तक्रारपेटी लावली असेल तर किल्ली शोधा आधी, मी तीन पीएचसीत विचारली, तिन्हीकडे सापडली नाही. आणि रेशन बंद, पेट्रोल बंद असली जबरदस्ती तर अजिबात नको, नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आत्ताच्या संभाजीनगरला, तसे आदेश निघाले होते, लसीचे आकडे वाढतात पण त्या माणसाच्या डोक्यात लस आणि धमकी एकाच कप्प्यात बसतात, आणि तोच माणूस दोन वर्षांनी पोराला गोवराची लस द्यायला आणेल की नाही ते तुम्हीच सांगा.

विश्वास वाढतोय की नाही हे कसं कळणार, असं तुम्ही विचारणारच. सर्व्हे करू नका, सर्व्हेत सगळे छानच म्हणतात. पेंटाचं रजिस्टर बघा, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याचा डोस. पहिला डोस आशाताईच्या शब्दावर होतो. तिसऱ्याला आई परत आली तर ती तुमच्या वागण्यावर आली. पहिला आणि तिसरा यातली गळती पाडावार काढा, कुठे गाडी अडलीय ते नावासकट दिसतं. दुसरं, रात्री तुम्हाला डायरेक्ट फोन कोण करतं ते बघा, आणि तिसरं, लोक तुमच्याकडे भांडायला येतात का. भांडायला येणं चांगलं लक्षण आहे, ज्याला आशा उरलेली नसते तो भांडत नाही, तो सरळ वणी नाहीतर नाशिकची गाडी धरतो आणि जमीन गहाण टाकतो.

राहिला पोलीस पाटलाचा प्रश्न. नको. पाटील म्हणून नको, गावातला माणूस म्हणून त्याची स्वतःची नातवंडं आधी टोचून घेणार असेल तर चालेल. त्या दोन पाड्यांवर पहिल्या खेपेला लसीची ती निळी पेटी नेऊच नका, पेटी दिसली की दारं लागतात. तुम्ही, सिस्टर आणि आशाताई तिघंच, बीपीचं मशीन आणि खोकल्याची-खरजेची चार औषधं घेऊन जा. करोनात त्या पाड्यावरची कोण माणसं गेली त्यांची नावं आधी आशाताईकडून लिहून घ्या, त्या घरांत आधी जा, काय झालं होतं विचारा आणि मधे बोलू नका, आपली बाजू तर अजिबात मांडू नका. ज्यांना कागद हवेत, मृत्यूचा दाखला अडलाय, मदतीचा अर्ज फेटाळलाय, ते लिहून आणा आणि महिन्याभरात काय झालं ते सांगायला परत जा, काम झालं नसलं तरी जा. लसीचा विषय त्यांनीच काढला तर बोला, नाही काढला तर पुढच्या खेपेला. वरून विचारलं की कव्हरेज का वाढलं नाही तर माझं नाव सांगा, आता मला कोणी मेमो देऊ शकत नाही.

आणि आवणी चालू असेल तर संध्याकाळी सातनंतरच जा, त्याआधी तिथे म्हातारी आणि कोंबड्या सोडून कोणी सापडणार नाही.